पाळीव सरड्याची अडलेली मादी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने सरडा नीट पाहिला होता यात शंका नाही. बडोद्यात दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांची परसे आता फारशी उरलेली नाहीत. तरीही एखाद्या बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणावर उन्हे खात, मान खालीवर करीत बसलेला सरडा अजून दृष्टीस पडतो. त्याचा सारा संसार त्या कुंपणावर चालतो. पावसाळ्यात मात्र असा एक दिवस येतो, की फुगलेल्या पोटाची मादी कुंपण सोडून जमिनीवर उतरते. पावसाने नरम झालेली माती ती पायांनी उकरते, चार-सहा बोटे खोल खळगा करते, त्यात दहा-वीस पांढरी अंडी घालते, माती पुन्हा लोटून डोक्याने दाबून बसविते आणि निघून जाते. सुमारे सहा-सात आठवड्यांनी त्या मातीतून सुतळीच्या तुकड्याएवढी पिले बाहेर पडतात. या सर्व खटाटोपात तिला कोणाचे साहाय्य लागत नाही. तिला फक्त ओलसर, उकरता येण्याजोगी माती हवी असते.

भिंतीवरच्या पालीचे याहूनही सोपे. रात्री विजेच्या दिव्याजवळ किडे टिपणारी मादी खालून पाहिली, तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरे गोळे स्पष्ट दिसतात. पालीच्या अंड्याचे कवच चुन्याचे, टणक असते. तिला माती नको, अंधारी फट पुरते. तसबिरीच्या मागे, पुस्तकांच्या कपाटात, दाराच्या चौकटीत ती आपली दोन अंडी ठेवून जाते. पुष्कळ पालींच्या मानेशी दोन्ही बाजूंना चुन्याच्या लहान पिशव्या असतात. अंड्याचे कवच घडविण्याच्या काळासाठी केलेली ती साठवणच होय. या उपेक्षित प्राण्याकडे बडोद्याने मात्र सर्वस्वी दुर्लक्ष केलेले नाही. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात घरातील पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी उगवते, यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. घरोघरी केरसुणीने हाकलली जाणारी पाल तेथे अभ्यासाचा विषय झाली.

ज्या कामासाठी कुंपणावरच्या सरड्याला वा भिंतीवरच्या पालीला सुईण लागत नाही, त्याच कामात काचेच्या पेटीत लाडाने वाढविलेली त्यांची विदेशी भावंडे प्राणास मुकतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गेल्या काही वर्षांत शहरांतून सरडे पाळण्याची हौस वाढली. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना, ऑस्ट्रेलियातील दाढीवाला बियर्डेड ड्रॅगन, अफगाणिस्तान-पाकिस्तानकडील ठिपकेदार लेपर्ड गेको, येमेनकडील रंग बदलणारा शॅमेलिऑन, असे नाना प्रकार हौशी लोकांच्या घरी दिसतात. पिल्लू आणले जाते तेव्हा ते टीचभर असते. ते नर की मादी हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. मुले त्याचे नाव ‘राजा’ किंवा ‘शेरू’ ठेवतात. दोन-तीन वर्षे सुखाने जातात. मग एका हिवाळ्याच्या अखेरीस राजाचे खाणे एकाएकी सुटते, पोट दोन्ही बाजूंना फुगते, तो पेटीच्या कोपऱ्यात काचेवर नखे घाशीत राहतो. घरातील माणसे बद्धकोष्ठ समजून पोट चोळतात, कोणी एरंडेल सुचवितो. पुष्कळदा राजा ही राणी होती, हे ती मेल्यावर कळते.

यात पहिला गैरसमज असतो तो नराविषयी. नर कधी भेटलाच नाही, तर अंडी कोठून येणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोंबड्यावाचून कोंबडी अंडी घालते हे आपण रोज बाजारात पाहतो. अनेक जातींच्या सरड्यांचेही तसेच आहे. मादी वयात आली, खाणे भरपूर मिळाले, दिवसमानात आणि उष्णतेत ऋतूचा बदल जाणवला, की तिच्या अंडाशयात बलक भरू लागतो. त्या अंड्यांतून पिले निघणार नाहीत इतकाच फरक. शरीरावर पडणारा भार तोच आणि अंडी बाहेर टाकण्याची निकडही तीच. इग्वानाची मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते आणि त्यांचे वजन तिच्या शरीराच्या सुमारे पाव हिश्श्याइतके भरू शकते. ड्रॅगनची मादी एका वेताला पंधरा-वीस किंवा अधिक अंडी देते आणि वर्षात अशी अनेक वेते होऊ शकतात. गेकोची दोनच, पण तीही वर्षात पुन्हा पुन्हा. तेव्हा घरात एकटी मादी आहे म्हणून निश्चिंत राहणे, हीच पुढील संकटाची सुरुवात ठरते.

गाय अडली, बाळंतीण अडली, असे आपण म्हणतो. सरड्याच्या मादीचे अडणे दोन ठिकाणी होते, आणि हा भेद समजून घेतला पाहिजे. यकृतात तयार झालेला बलक रक्तावाटे अंडाशयात येतो आणि तेथे द्राक्षांच्या घडासारखे पिवळे गोळे वाढतात. पूर्ण वाढ झाली की ते गोळे सुटून अंडनलिकेत उतरावेत, तेथे त्यांवर कवच चढावे आणि काही आठवड्यांनी अंडी बाहेर पडावीत, असा निसर्गाचा क्रम आहे. कधी गोळे वाढतात पण सुटतच नाहीत. अंडाशयातच महिनोन्महिने राहतात. सुदैवाने ते शरीरात पुन्हा जिरले तर ठीक, नाहीतर कुजतात, फुटतात, बलक पोटाच्या पोकळीत पसरून दाह होतो. हे पहिल्या पायरीवरचे अडणे. दुसऱ्या प्रकारात कवचाची अंडी पूर्ण तयार असतात, परंतु बाहेर येत नाहीत. कधी एखादे अंडे वेडेवाकडे किंवा फार मोठे असते, कधी पूर्वीच्या हाडांच्या दुखण्याने कटिभाग आकसलेला असतो, कधी मूत्राशयातील खडा आडवा येतो. पण असे खरोखरीचे अडथळे सोडले, तर उरलेल्या बहुतेक प्रसंगी मादीत दोष नसतो. दोष असतो तो तिला दिलेल्या घरात.

या म्हणण्याला आपल्या शेजारच्याच एका विद्यापीठातील संशोधनाचा मोठा आधार आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील डॉ. सैदापूर, डॉ. शानभाग आणि डॉ. राड्डर या प्राणिशास्त्रज्ञांनी, ज्या कुंपणावरच्या सरड्याने या भाषणाची सुरुवात झाली, त्याचाच बारकाईने अभ्यास केला. १९९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांतून असे दिसले, की अंडी तयार असलेल्या माद्या बंदिवासात ठेवल्या आणि त्यांना अंडी घालण्याजोगी ओलसर माती दिली नाही, तर त्या अंडी घालत नाहीत. अंडनलिकेतच दीर्घकाळ धरून ठेवतात. आतील भ्रूणांची वाढ एका ठराविक अवस्थेपर्यंत होते आणि तेथेच थांबून राहते. पाऊस लांबला, जमीन कोरडी राहिली, तर कुंपणावरच्या मादीला हे थांबणे उपयोगी पडत असले पाहिजे. कोरड्या, कठीण भुईवर अंडी टाकली तर ती सुकून जाणार. त्यापेक्षा थांबलेले बरे. आपल्याकडे रोहिण्या बरसतील की मृग कोरडा जाईल याची शेतकऱ्याला जशी चिंता, तशीच ती या प्राण्यालाही असावी, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण हे थांबणे निसर्गात काही दिवसांचे असते, कारण आज ना उद्या पाऊस येतोच. काचेच्या पेटीत तो कधीच येत नाही. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र किंवा हिरवा गालिचा अंथरलेला असतो. मालक तो रोज स्वच्छ करतो आणि त्यातच समाधान मानतो. मादी कोपरे उकरते, नखे झिजवते आणि थांबून राहते. ज्या उपायाने रानात तिची प्रजा वाचते, त्याच उपायाने ती पेटीत मरते.

अंड्यांसाठी योग्य जागा मिळविण्यास या माद्या किती कष्ट घेतात, याचे एक नामांकित उदाहरण पनामातील आहे. तेथील गातुन सरोवरात, बारो कोलोराडो बेटाजवळ, स्लोथिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ स्टॅन्ली रँड यांनी १९६८ मध्ये तेथील इग्वानांच्या अंडी घालण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. झाडांनी व्यापलेल्या त्या प्रदेशात ऊन लागणारी मोकळी माती दुर्मिळ. म्हणून माद्या पाणी पोहून त्या बेटावर येतात. काही माद्या यासाठी दोन-तीन किलोमीटर अंतर तोडून जातात असेही पुढील अभ्यासात आढळले. बेटावर आल्यावर बिळासाठी त्यांची आपसात भांडणे होतात, एकीने केलेले बीळ दुसरी उकरते. एकेक बीळ मीटर-दोन मीटर लांब असते आणि ते खणण्यात मादीचे काही दिवस जातात. त्याच मातीत मगरीच्या कुळातील सुसरही आपले घरटे करते. तिच्या धाकात इग्वानांचे खणणे चाललेले असते.

मगरीचे हे वर्तन बडोदेकरांना परके नाही. सयाजीबागेच्या कडेने वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी किती आहेत, हे २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या रस्त्यांवर आल्या तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. पण पूर ओसरल्यावर, पुढील उन्हाळ्याच्या तोंडाशी, नदीच्या उतरत्या मातीच्या काठात खड्डा करून मगरीची मादी पंचवीस-तीस अंडी पुरते, ही तिची खरी घरगुती बाजू फार थोड्यांच्या पाहण्यात येते. काठ मातीचा आहे, तोवर तिचे अडत नाही. त्याला दगडी वा सिमेंटचे अस्तर दिले, तर तिच्यापुढेही काचेच्या पेटीतील इग्वानासारखाच पेच उभा राहील. असो, तो मोठा आणि वेगळा विषय आहे.

तेव्हा पहिली गोष्ट माती. मादी वयात येण्यापूर्वीच, म्हणजे इग्वाना साधारण दोन वर्षांची आणि ड्रॅगन एक वर्षाची होण्याच्या आत, तिच्यासाठी खणण्याची पेटी तयार असावी. लाकडी खोके, प्लास्टिकचा मोठा डबा किंवा पाणी साठविण्याचे जुने पिंप, काहीही चालते. मादीला आत शिरून सबंध वळता आले पाहिजे, ही मुख्य अट. ड्रॅगनसाठी निदान वीतभराहून अधिक, सुमारे एक फूट खोल माती हवी; इग्वानासाठी त्याहून पुष्कळ मोठी जागा हवी, कारण ती शेपटीसह चार-पाच फुटांची होते. धुतलेली वाळू आणि खत नसलेली साधी माती सारख्या प्रमाणात मिसळावी. कुंड्यांसाठी विकत मिळणारी माती आणू नये. तीत खते व औषधे असतात. ओलावा किती, हे ओळखण्याची खूण आपल्याकडील कोणताही कुंभार सांगेल: मुठीत दाबली असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. कोरड्या वाळूत बीळ ढासळते आणि मादी काम सोडून देते. चिखलात ती उतरतच नाही. पेटीवर अर्धे झाकण असावे, कारण मादीला अंधाऱ्या तोंडाचे बीळ आवडते. माती कोमट, म्हणजे सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस असावी. बडोद्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत थंडगार मातीची पेटी ठेवणे हे न ठेवण्यासारखेच आहे. लेपर्ड गेकोला मात्र इतका व्याप लागत नाही. झाकणाला भोक पाडलेला लहान डबा आणि त्यात ओलसर केलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, एवढे तिला पुरते.

पेटी ठेवली आणि घरातील सर्व मंडळी तिच्याभोवती बसली, तर मात्र व्यर्थ आहे. मादी खणताना कोणी डोकावले, मांजराने झेप घेतली किंवा शेजारच्या पिंजऱ्यातून नर पाहत राहिला, तर ती खणणे थांबविते. तिच्या पेटीवर एक कापड टाकावे आणि मुलांना काही दिवस त्या खोलीतून दूर ठेवावे. मुलांना हे कठीण जाते. परंतु कारण समजावून सांगितले तर ती मोठ्या माणसांपेक्षा अधिक निष्ठेने पाळतात, असाच अनुभव आहे.

दुसरी गोष्ट चुना, म्हणजे कॅल्शियम. अंड्याचे कवच त्यातून बनते हे सर्वांना ठाऊक असते. पण अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावून अंडे पुढे ढकलतात, त्यांनाही रक्तातील कॅल्शियम लागते, हे फारसे लक्षात येत नाही. ते कमी पडले की शरीर हाडांतून ते ओढून घेते. मग हाडे ठिसूळ होतात, पाय थरथरतात आणि कळा देण्याची शक्तीच उरत नाही. आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे असा साधारण नियम आहे. झुरळे, रातकिडे, अळ्या यांत तो नेमका उलटा असतो. फॉस्फरस कित्येक पट अधिक. म्हणून कीटकभक्षी सरड्यांना किडे देताना त्यांवर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. कोंबड्या पाळणारे लोक खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात, त्यामागचे तत्त्वही हेच. इग्वाना शाकाहारी आहे. तिला शेवग्याचा पाला, मेथी, जास्वंदीची पाने व फुले, तांबडा भोपळा असे खाणे मानवते. पालकाची भाजी माणसाला पौष्टिक म्हणून तिला रोज घालू नये. तिच्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. काकडी आणि कोबी यांवर वाढविलेली इग्वाना दिसायला हिरवीगार असली, तरी आतून पोकळ झालेली असते.

हे कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व हवे, आणि ते कातडीत तयार होण्यास सूर्याचे अतिनील किरण हवेत. येथे एक चूक इतक्या सर्रास घडते की ती ठळकपणे सांगितली पाहिजे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन सरड्याला ऊब देते, पण ते उपयोगी किरण काच बहुतांशी अडविते. त्यामुळे काचेच्या पेटीत खिडकीशी ठेवलेली मादी उन्हात बसूनही उन्हाला पारखी राहते. यावर उपाय म्हणून ती काचेची पेटीच उघड्या गच्चीवर नेऊन ठेवणारेही असतात. बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशी पेटी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते आणि प्राणी भाजून मरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, पाण्याचे भांडे देऊन आणि कोणीतरी जवळ थांबून तिला बसवावे. ते शक्य नसेल तेव्हा अतिनील किरण देणारी खास दिव्याची नळी वापरावी. अशी नळी उजेड देत राहते, पण सहा महिने ते वर्षभरात तिचे हे किरण क्षीण होतात; म्हणून बंद पडण्याची वाट न पाहता ती बदलावी लागते. जीवनसत्त्वाचे थेंब मनास येईल तसे पाजणे घातक आहे. ते अधिक झाले तर कॅल्शियम नको तेथे, रक्तवाहिन्यांत व मूत्रपिंडांत, साचते.

लाड हाही रोगाचे कारण होऊ शकतो. शॅमेलिऑनच्या बाबतीत जाणकार पशुवैद्यांचा आणि पाळणाऱ्यांचा अनुभव असा, की मादीला पोटभर खाऊ घालून फार उष्ण ठेवले तर ती एका वेताला साठ-सत्तर अंडी करून खंगते. प्रौढ मादीला एक दिवसाआड मोजके खाणे दिले आणि उष्णता थोडी कमी ठेवली, तर अंडी थोडी होतात आणि ती अधिक वर्षे जगते. गेकोची शेपटी मानेहून जाड झाली, ड्रॅगनच्या पोटाला वळ्या पडू लागल्या, तर ते बाळसे नव्हे. चरबी साठलेल्या, दिवसभर एका फांदीवर पडून राहणाऱ्या मादीच्या स्नायूंत ऐन वेळी बळ नसते. तिला चढण्यास, हिंडण्यास जागा द्यावी आणि पाणी सदैव भरलेले असावे. अंगातील पाणी आटले की अंडनलिकाही कोरडी पडते. आठवड्यातून दोन-तीन वेळा कोमट पाण्याच्या उथळ परातीत तिला पंधरा मिनिटे बसविल्यास ती पाणी पितेही.

एवढे सर्व केल्यावरही मादी खाणे सोडते तेव्हा मालकाचा धीर सुटतो. येथे थोडा विवेक पाहिजे. पोट अंड्यांनी भरले की अन्नाला जागा राहत नाही. इग्वानाची गाभण मादी अंडी घालण्यापूर्वी काही आठवडे फारसे खात नाही. डोळे उघडे व चमकदार आहेत, ती मान उंच धरते, हिंडते, उकरते, पाणी पिते, तर तिला तिच्या कामावर सोडावे. उलट ती डोळे मिटून पडून राहिली, मागचे पाय ओढू लागली, बोटे थरथरू लागली, दिवसभर कळा देऊनही अंडे आले नाही किंवा काही अंडी घालून उरलेली दोन दिवसांत बाहेर आली नाहीत, तर मात्र वाट पाहू नये. सरडा हा दुखणे लपविणारा प्राणी आहे. रानात दुखणे दाखविणारा शिकार होतो. त्यामुळे तो आजारी दिसू लागतो तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

अशा वेळी पोट चोळणे, दाबणे, तेल घालणे, चिमट्याने अंडे ओढणे हे सर्व निषिद्ध समजावे. गाईचे वासरू ओढून काढतात म्हणून येथेही तसेच चालेल असे नाही. अंड्याचे कवच मऊ चामड्यासारखे असते. दाब पडताच ते आत फुटते, अंडनलिकाही फाटू शकते. घरच्या प्रेमळ हातांनी झालेले असे मृत्यू रोगाने झालेल्या मृत्यूंपेक्षा कमी नसावेत.

पशुवैद्य प्रथम क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीने पाहतो की अंडी कवचाची आहेत की अंडाशयातच अडकलेले गोळे आहेत. रक्तातील कॅल्शियम पाहतो, अंगात पाणी व ऊब भरतो. वाट मोकळी असेल आणि कॅल्शियम पुरेसे असेल, तरच कळा आणणारे ऑक्सिटोसिन देण्याचा विचार होतो. गाईम्हशींच्या गोठ्यात हे औषध परिचयाचे झाल्यामुळे कोणी ते आपल्या मनाने टोचू पाहील, म्हणून सांगणे अवश्य आहे की अडथळा असताना ते दिल्यास अंडनलिका फुटते; शिवाय कासवांत ते जितके लागू पडते तितके सरड्यांत पडत नाही. औषधाने काम न झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तीत अंडाशय काढून टाकतात. पुष्कळ तज्ज्ञ तर इग्वानाच्या मादीवर ही शस्त्रक्रिया ती निरोगी असतानाच करून घ्यावी असे सुचवितात, म्हणजे दर वर्षीचे संकट कायमचे टळते. निरोगी प्राण्याच्या पोटावर शस्त्र चालविणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु खंगलेल्या, बलक फुटलेल्या मादीवर मध्यरात्री तेच शस्त्र चालविण्यापेक्षा ते निश्चित सुरक्षित आहे. सरड्यांची शस्त्रक्रिया करणारा वैद्य प्रत्येक गल्लीत नसतो. बडोद्यापासून आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दूर नाही. तेथे किंवा शहरात असा कोणी जाणकार आहे का, याची चौकशी मादी निरोगी असतानाच करून ठेवावी.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. आपल्या देशातील घोरपड किंवा झाडावरचा घोयरा सरडा घरी आणून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. यांना रानातच राहू द्यावे. विदेशी जातींना पूर्वी हा कायदा लागू नव्हता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत अशा विदेशी जातीही, ज्यांत हिरवी इग्वाना येते, कायद्याच्या कक्षेत आल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ व्यवस्थेत करावी लागते आणि पुढे पिले झाली किंवा प्राणी मेला तरी कळवावे लागते. चोरून आणलेली इग्वाना आजारी पडल्यावर मालक वैद्याकडे जाण्यास कचरतो आणि त्या संकोचाची किंमत मादी देते, हेही या बाबतीत ध्यानात घ्यावे.

अंडी घालून झाल्यावर मादी ओळखू येत नाही इतकी बारीक होते. बरगड्या दिसतात, कातडी सैल लोंबते. घाबरू नये. तिला प्रथम पाणी द्यावे, कोमट पाण्यात बसवावे, मग थोडे थोडे खाणे आणि कॅल्शियम सुरू करावे. अंडी मोजून ठेवावीत आणि वही असेल तर तारीख लिहावी. पुढील वर्षी त्याच सुमारास सावध राहता येते. पोट हलक्या बोटांनी चाचपताना गोळा जाणवला किंवा दोन-तीन दिवसांत तिला हुशारी आली नाही, तर एखादे अंडे आत राहिल्याची शंका घेऊन तिची तपासणी करवावी. एकट्या मादीची अंडी उबविण्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही. ती पिवळी पडून सुरकुततात. ती काढून टाकावीत, माती बदलावी आणि पेटी माळ्यावर न टाकता तिच्या जागीच राहू द्यावी. ड्रॅगन असेल तर महिन्याभरातच तिची पुन्हा गरज पडू शकेल.